पाठराखी

टक.

जीभ मिटली. अंगठ्यानं दाबली की उघडते, अंगठा काढला की मिटते – बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठी लोखंडी जीभ, वापरून वापरून आतल्या अंगाला चकचकीत झालेली, आणि तिच्या मुळाशी इवलीशी स्प्रिंग, तेल मिळालं नाही की रुसून बसणारी. पुन्हा दाबली. पुन्हा सोडली. टक. किती स्वच्छ आवाज... कानांच्या आधी बोटांना कळावा असा, झोपेतसुद्धा चुकू नये असा. मग काल कसा कळला नाही – नाही, असं नाही. हे मनाला फसवायचं काम तिनं रात्रभर करून पाहिलं होतं. काल तो आवाज झालाच नव्हता, आणि झाला नाही हे तिच्या बोटांना तेव्हाच्या तेव्हा कळलं होतं. टक.

"झिजवशील तो आकडा," आई म्हणाली. "नवा मागायला गेलं की लोहार तोंड पाडतो."

आई खिडकीशी बसून पट्टा शिवत होती. पायांच्या बोटांत कातडं ताणून धरायचं, आरी खुपसायची, दोरा ओढायचा, पुन्हा आरी. खडकावरच्या निम्म्या माणसांच्या छातीपाठीवर आईचे टाके होते. तिच्या हातचा टाका उसवल्याचं कोणी ऐकलं नव्हतं, आणि हे तिलाही पक्कं ठाऊक असल्यामुळे ती कोणालाही काहीही बोलू शकत असे. लेकीचं नाव तिनं हौसेनं चांगलं ठेवलं होतं. पण लेक चालायला लागल्याबरोबर जी दोरावर चढली ती खाली उतरायलाच तयार होईना, तेव्हापासून सगळ्यांची ती खारू. घोड्याएवढी झाली तरी खारूच. काल संध्याकाळपासून मात्र कोणी अशी हाक मारली की तिला वाटे, ही हाक आपल्याला नाही, आपल्या जागी काल सकाळपर्यंत जी एक बरी मुलगी उभी असायची तिला आहे.

त्यांचा खडक आभाळात तरंगत होता. तसे आजूबाजूला आणखीही होते, लहानमोठे, आणि एकावरून दुसऱ्यावर जायचं तर दोरावरूनच. पायाखाली एक जाड दोर, दोन्ही हातांना दोन, आणि डोक्यावर एक – त्या डोक्यावरच्या दोरात पाठीच्या पट्ट्याचा आकडा अडकवायचा, म्हणजे पाय सटकला तरी माणूस लोंबकळतो, जात नाही. खाली काय आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. खाली ढग होते, आणि ढगांच्या खालून दिवसातून दोनदा उसासा यायचा – सगळ्या पोकळीनं एकदम श्वास सोडावा तसा वारा, जो वाळत घातलेले कपडे, कोंबड्या, घरांची छपरं, जे सापडेल ते वर उचलायचा आणि लहर फिरली की टाकून द्यायचा. पूर्वी म्हणे आकडा छातीवर असे. पण समोर दिसणाऱ्या आकड्याकडे माणूस पावलापावलाला बघतो, चाचपतो, आणि चाचपायला जो हात दोरावरून सुटतो नेमक्या त्याच हाताची उसासा वाट बघत असतो. म्हणून जुन्या माणसांनी आकडा पाठीवर नेला. आपला आकडा आपण लावायचा नाही. तो पाठराखीनं लावायचा आणि म्हणायचं, 'लागला.' जाणाऱ्यानं म्हणायचं, 'चाललो.' पलीकडच्या माणसानं आकडा काढून ओरडायचं, 'सोडला.' मध्ये कोणी काही विचारायचं नाही, आणि हात मागे नेऊन चाचपायचं तर नाहीच नाही. हात मागे नेणं म्हणजे पाठराखीला तिच्या तोंडावर खोटारडी म्हणणं. दोराशी ज्यांचा काडीचा संबंध नाही अशी माणसंसुद्धा घरातल्या भांडणात विचारत, 'म्हणजे आता हात मागे नेणार का तू?' – आणि मग चार दिवस अबोला.

तर खारू पाठराखी होती. म्हणजे काल सकाळपर्यंत होती. आज लोक तिला पाठराखी म्हणत होते, एवढंच.

बाबा पाण्याच्या घागरी घेऊन आत आले. ढग गाळायच्या जाळ्या रात्रभर ठिबकून सकाळी घागरी भरतात, आणि त्या आणायचं काम बाबांचं, कारण आईच्या मते दोर तपासणं हे काही काम नव्हे, ते हिंडणं. बाबा खडकावरचे जुने दोरकरी. नव्या दोरावर पहिलं पाऊल त्यांचं असतं.

"खारूबाई, तयार का?" घागर टेकवत ते म्हणाले. "आज तुमचा मान आहे म्हणतात."

"कोण म्हणतं?" आईनं विचारलं.

"म्हणत कोणी नाही. पण काल मुकादम हिच्याकडे असा बघत होता ना, मी तुझ्याकडे बघायचो तसा."

"तुम्ही कधी बघितलंत माझ्याकडे? तुम्ही माझ्या टाक्यांकडे बघत होतात." आईनं दोरा दातानं तोडला. "आणि काल म्हणे दोरावर गात होतात. सगळ्या गल्लीत बोभाटा झालाय."

"सुचलं."

"इतक्या वर्षांत नाही ते?"

"माणसाला कधी सुचूच नये का?" बाबांनी तळवा मानेमागे नेऊन मान जराशी चोळली आणि खारूकडे बघून हसले. "पाठीशी लेक उभी असली की गाणं सुचतं माणसाला."

तिनं आकडा तेलाच्या फडक्यात गुंडाळला. तोंड धुवायच्या निमित्तानं ती मोरीत गेली आणि तिथे उगाच पाणी सांडत उभी राहिली. गाल तापले होते. लाज ही गोष्ट छातीत असते असं तिला वाटायचं. ती कानांच्या पाळ्यांत असते हे तिला काल कळलं.

काल... धाकट्या खडकाकडे जाणारा रोजचा दोर, कोणीही डोळे मिटून ओलांडावा असा. दुपारचा उसासा नुकताच होऊन गेलेला. बाबा तिच्याकडे पाठ करून उभे. आणि शेजारी मुकादम, कोणत्या दोराला कोणती पाठराखी ते ठरवणारा, जो कधी तिकडे फिरकत नाही तो काल नेमका आलेला, हाताची घडी घालून, काही न बोलता. तिनं आकडा उचलला, आणि तेव्हा तिच्या मनात बाबा नव्हते, दोर नव्हता, तिच्या मनात ती स्वतःच होती, मुकादमाच्या डोळ्यांना दिसणारी: ही पोरगी बघा, एका हातानं लावते, न बघता लावते. मान मुकादमाकडे वळवून, हसून, "आज वारा बरा आहे नाही?" असं काहीतरी बोलत तिनं आकडा वर टाकला, तो दोरावर बसला, अंगठा काढला – आणि जिभेचा आवाज आला नाही. आकड्याला जोडलेल्या पट्टीची दुमड जिभेमध्ये आली असेल. पुन्हा हात घालायला कितीसा वेळ लागला असता... पण पुन्हा हात घालायचा म्हणजे मुकादमाच्या देखत पुन्हा हात घालायचा. "लागला," ती म्हणाली. "चाललो," बाबा म्हणाले, आणि निघाले.

निम्म्या वाटेवर आकडा दोरावरून घसरला. तिला दिसला. बाबांच्या कमरेशी तो लोंबायला लागला, इकडून तिकडे, तिकडून इकडे, मेलेल्या पाखरासारखा. सुटलेला आकडा दिसला की जो कोणी बघेल त्यानं 'बस' म्हणून ओरडायचं, हे तर बोबडं बोलणाऱ्या लेकरालाही शिकवलेलं असतं. तो शब्द कानावर पडला की चालणारा आहे तिथेच दोरावर बसतो, हातापायांनी दोराला मिठी मारतो, आणि मग कोणीतरी जाऊन त्याला आणतं. शब्द तिच्या घशापर्यंत आला. मुकादम ढगांकडे बघत होता, त्याला काही दिसलं नव्हतं. आता ओरडलं तर बाबा दचकतील, तिनं स्वतःला सांगितलं. दचकले तर पाय... खरं बोल. निदान मोरीत तरी खरं बोल. बाबा दचकतील म्हणून मी गप्प राहिले का? मुकादम वळून बघेल म्हणून मी गप्प राहिले. माझा बाप मोकळ्या पाठीनं पोकळीवर चालत होता आणि मला पोटात जी भीती होती ती आपण पकडले जाऊ याची होती.

आणि तेवढ्यात बाबा गायला लागले. भसाड्या आवाजात, तालाला सोडचिठ्ठी देऊन. काठावरचे सगळे खो-खो हसले, मुकादम हसला, आणि ती – ती पण हसली. बाकी सगळ्याची काही ना काही समजूत रात्री घालता आली होती. या हसण्याची येत नव्हती. पलीकडच्या काठावर आत्या होती, बाबांची थोरली बहीण, धाकट्या खडकावरची सोडणारी. आत्याचे हात बाबांच्या पाठीकडे गेले आणि तिथे जरा थांबले. मग तिनं मान वर केली आणि एवढ्या अंतरावरून सरळ खारूकडे बघितलं.

"सोडला," आत्या ओरडली.

संध्याकाळी बाबा तिकडून परत आले, जेवले, घोरत झोपले. ते घोरणं ऐकत ती पडून राहिली होती. एरवी ती त्याला वैतागायची.

*

घरून दोरांच्या आवाराकडे जाताना बाबांना चालायला लागतो तेवढाच वेळ बोलायला लागतो, त्यामुळे पोचायला दुप्पट वेळ. आज तर विचारायलाच नको. लोहाराच्या दारात थांबले – "काय रे, लेकीला एक चांगला आकडा करून दे, आता मोठी पाठराखी होणार ती." जाळ्या विणणाऱ्या म्हातारीपाशी थांबले – "आजी, माझ्या पाठीला डोळे फुटलेत, ऐकलंस का?" म्हातारीनं खारूच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली. ते हात जाळीच्या ओल्या दोऱ्यानं गार पडले होते, आणि खारूला वाटलं, या हातांना आता चटका बसेल.

का बोलतात बाबा इतकं? पूर्वी नसत बोलत. पूर्वी कोणी लेकीचं कौतुक केलं तर "अजून शिकतेय" म्हणून विषय बदलत.

खालची गल्ली आली. म्हणजे खाली जाणाऱ्या पायऱ्या आल्या. गल्ली आता ढगात होती. खडक खचत चालला होता, दिसेल न दिसेल असा, पण मागच्या वर्षी जिथे दुकानं होती तिथे आता पांढरं धुकं दारांतून आतबाहेर करत होतं आणि एका बंद दुकानाची पाटी तेवढी वर तरंगल्यासारखी दिसत होती. खडकाला वर धरून ठेवतात ते हलके दगड; त्याच्या पोटातले ते जुने झाले, त्यांचा हलकेपणा गेला. म्हणून तर एक भटका खडक, एका जागी न थांबणारा, जवळून जाताना दिसल्यापासून सगळ्यांचा जीव त्याच्यात अडकला होता. त्याच्या अंगावर हलक्या दगडांचे थरच्या थर होते. तीरंदाजांनी बाण मारून त्याच्याशी लांब दोर जोडला होता, आणि तो पुढे सरकून दोर तुटायच्या आत जेवढं आणता येईल तेवढं आणायचं होतं. आज पहिलं पाऊल.

पायऱ्यांशी कोणी नव्हतं. सांगायचं तर इथे.

"बाबा."

"काय गं?"

त्यांनी मान वळवली. दाढीत पाण्याचे थेंब अडकले होते. किती विश्वासानं बघतो हा माणूस... असं कोणी बघत असताना कसं सांगायचं?

"काही नाही. पट्टा घट्ट नाही ना झाला?"

"तुझ्या आईनं शिवलाय. घट्ट झाला तर मलाच आक्रसावं लागेल."

आवारात लहान मुलांचा सरावाचा दोर होता, जमिनीपासून गुडघाभर उंच. बाबा नेहमीप्रमाणे तिथे रेंगाळलेच. एक रडव्या तोंडाची पोरगी दोरावर चढायला तयार नव्हती. तिला आकड्याची खात्री वाटत नव्हती आणि मागे बघायची तर बंदी. बाबा तिच्यापुढे उकिडवे बसले. "मागे बघायचंच कशाला? आकडा लागलेला असला ना, की तो वरच्या दोरावरून सरकताना गुणगुणतो. पट्ट्यातून, पाठीच्या मणक्यातून आत ऐकू येतं. चालून तर बघ." पोरगी पाऊलभर चालली, थांबली, आणि तोंड उघडं ठेवून हसली. खारूलाही असंच शिकवलं होतं त्यांनी. एकदा तर कडेवर... नाही, पाठुंगळी घेऊन, तिचा कान स्वतःच्या पाठीला लावून, हाच दोर त्यांनी तिच्यासाठी कितीदा ओलांडला होता. घरमाशी ओंजळीत धरल्यावर येते तसली बारीक गुणगुण. ती ऐकत तिला झोप यायची.

पट्ट्यांच्या खोलीत सगळे जमले होते. खोलीला तेलाचा आणि जुन्या कातड्याचा वास, भिंतीवर खुंट्या, खुंट्यांवर पट्टे. मुकादम बाकावर उभा राहिला. बुटका असल्यामुळे त्याला महत्त्वाचं काही सांगायचं तर बाकावर उभं राहावं लागे, आणि ते बघूनच लोकांना कळे की काहीतरी महत्त्वाचं आहे.

"लांब दोराची पाठराखी खारू," तो म्हणाला. "काल मी स्वतः बघितलं. नजर इकडे, बोलणं माझ्याशी, आणि हात आपलं काम बरोबर करतोय. असा हात पाहिजे. वारा थांबून राहत नाही आपल्यासाठी."

लोकांनी बाक वाजवले. खारू खाली बघत राहिली. लाजली, कोणीतरी म्हणालं. लाजलीच होती ती, फक्त त्यांना वाटत होतं तशी नाही. कालच्या दिवसातली जी एकच गोष्ट बघायला नको होती तेवढीच या माणसानं बघितली होती, आणि तिचाच मान तिला मिळाला होता.

"छान झालं," शेजारून आवाज आला. ही दुसरी पाठराखी, जिला सगळे गोगलगाय म्हणत. आकडा लावला की ती दोनदा ओढून बघायची, मग तिसऱ्यांदा त्याला लोंबायची, तोवर मागचे लोक जांभया द्यायचे. खारूनं तिची नक्कल करून कितीदा तरी लोकांना हसवलं होतं. "तुझ्यासारखं मला नाही जमायचं बाई," गोगलगाय म्हणाली, आणि त्यात कुचकेपणा नव्हता, हेच वाईट होतं.

*

आत्या सकाळच्या दोरानं आली होती. वाळत घातलेल्या दोरांच्या आड तिनं खारूला बोलावलं. बोलावलं म्हणजे नुसती हनुवटी हलवली. तिच्या खांद्यावर दोराचं भेंडोळं होतं, ते तिनं खाली ठेवलं नाही.

"कोणाजवळ बोललीस?"

"नाही."

"बरं. चांगलं केलंस असं म्हणत नाहीये मी."

"आत्या, मी सांगणार आहे. आत्ता. मुकादमांना पण आणि बाबांना पण."

"सांग की. मला शेजारी उभी कर आणि सांग. 'सोडला' कोण म्हणालं काल?"

खारूच्या हे लक्षातच आलं नव्हतं. रात्रभर ती स्वतःच्याच अपराधाला कुरवाळत बसली होती, आणि आत्याचं काय, हा विचार तिच्या मनाला शिवलाही नव्हता. पुन्हा कान तापले.

"का म्हणालीस तू?"

"त्याला संध्याकाळी घरी जायचं होतं म्हणून." आत्या तिच्याकडे न बघता दोराचे धागे निवडत होती. "पाठीला काहीच नव्हतं हे ज्याला एकदा कळतं ना, त्याचा पाय पुन्हा दोरावर पडत नाही. आमच्या काकाचं तेच झालं. चालून पलीकडच्या खडकावर पोचला, मग कोणीतरी शहाण्यानं सांगितलं त्याला. त्यानंतर मरेपर्यंत तो तिकडेच राहिला. काकू इकडे. काठावर उभं राहून फडकी हलवायची दोघं. आम्ही पोरं हसायचो त्यांना."

वारा दोरांमधून गेला. दोर एकमेकांवर घासले.

"मला शिव्या दे तू," खारू म्हणाली. "काहीतरी बोल."

"शिव्या दिल्या की तुला बरं वाटेल. नाही देत." आत्यानं भेंडोळं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "माझं तोंड कालपासून कडू आहे ते बघ आधी. इतक्या वर्षांत खोटं 'सोडला' म्हटलं नव्हतं मी." ती जायला वळली, पुन्हा थांबली. "आणि तो गायला कशाला लागला गं मध्येच? लहानपणापासून बघतेय, दोरावर दातखीळ बसल्यासारखा चालतो तो."

उत्तराची वाट न बघता ती गेली. खारूला तिचा प्रश्न नीट ऐकूही आला नव्हता. सांगितलं तर बाबांचे पाय जातात, आत्याचं काम जातं. नाही सांगितलं तर... नाही सांगितलं तर काहीच होत नाही. सगळं छान चालतं. बाक वाजतात. हेच तिला सहन होत नव्हतं, आणि सहन होत नाही म्हणून सांगायचं, म्हणजे पुन्हा स्वतःलाच बरं वाटावं म्हणून बाबांना खाली लोटायचं. तिला कळेना की या सगळ्यात आपण कुठे उभं राहिलो म्हणजे निदान आपल्याच सावलीत तरी उभे नसू.

*

सकाळचा उसासा येऊन गेला. दोन कोंबड्या आणि एक चादर घेऊन गेला, कोणीतरी मोजदाद केली, हशा झाला, आणि लोक काठावर आले.

लांब दोर काठापासून निघून ढगात शिरत होता. पलीकडचं टोक दिसत नव्हतं; मधूनच ढग फाटला की भटक्या खडकाची फिकट कड दिसायची, आणि ती किंचित सरकत असायची, त्यामुळे दोर कण्हायचा. पलीकडे कोणी नव्हतं. पहिला माणूस जाईल, आपला आकडा आपण सोडवील आणि लाल फडकं दाखवील. म्हणजे आज 'सोडला' म्हणायला कोणी नाही. आज एकच शब्द, तिचा.

"चल," बाबा म्हणाले, आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहिले.

पाठ. सदऱ्यावर घामाचा जुना डाग, पट्ट्याखाली कापड विरलेलं, मानेवरचे केस कापताना आईनं एक बाजू वर ठेवलेली. ही पाठ तिनं कधी बघितलीच नव्हती. काल तर नाहीच. दोन्ही हातांनी तिनं आकडा उचलला. पट्टीची दुमड काढली. आकडा दोरावर ठेवला, डोळे त्याच्यावरून हलू दिले नाहीत, अंगठा काढला. टक. ओढून बघितला. पुन्हा ओढला. मग पाय उचलून त्याला लोंबली. मागे कोणीतरी फिसकन हसलं – "हिला गोगलगायीचा वारा लागला." मुकादमानं भुवई वर केली. करू दे.

लागला होता. इतका पक्का कधी कोणाचा लागला नसेल. आता म्हणायचं फक्त.

तिनं तोंड उघडलं आणि शब्द आला नाही.

कारण काल हाच होता. हाच शब्द, हाच आवाज, असाच मोकळा. बाबांच्या पाठीकडून बघितलं तर कालच्यात आणि आजच्यात फरक काय? आकडा तिच्या हातात होता, तो तिला दिसत होता, बाबांना काय दिसत होतं? ढग. त्यांच्या पाठीला लोखंड नव्हतंच कधी, तिचा शब्द होता, आणि तो तिनं काल मुकादमाच्या एका भुवईसाठी...

"काय झालं?" मुकादम म्हणाला. "दुपारच्या उसाशापर्यंत ताटकळायचंय का?"

"बाबा," ती म्हणाली, "हात मागे न्या."

गोगलगायीनं तोंडावर हात ठेवला. आत्या लोकांच्या पलीकडे उभी होती. तिनं डोळे मिटून घेतले.

"काय म्हणाली ही?" मुकादमानं विचारलं.

"हात मागे न्या आणि बघा," ती म्हणाली, आता जरा मोठ्यानं, कारण आवाज फुटला होता आणि तो लपवायचा दुसरा मार्ग नव्हता. "माझ्या शब्दावर जाऊ नका."

बाबा वळले नाहीत. त्यांचे दोन्ही हात दोन्ही बाजूंच्या दोरांवर होते, तिथेच राहिले. मानेमागचं कातडं हळूहळू लाल होत गेलेलं तिला दिसलं, अगदी कानांच्या पाळ्यांपर्यंत.

"कशाला?" ते म्हणाले. हळू, तिला एकटीला ऐकू जाईल एवढंच.

त्या आवाजात राग नव्हता. पण राग नसणं तिच्या लक्षात नंतर आलं. आधी लक्षात आलं ते हे, की त्यात नवल नव्हतं. लेक भर लोकांत अशी विपरीत बोलते आणि बापाला नवल वाटत नाही...

गुणगुण.

निम्म्या वाटेवर आकडा घसरला तेव्हा गुणगुण थांबली असेल. ज्या माणसानं सगळ्या खडकाला ती ऐकायला शिकवली, त्याला ती थांबलेली कळली नसेल? पाठ एकदम गप्प झाली असेल. पुढे तेवढीच वाट, मागे तेवढीच, आणि मागे काठावर लेक, मुकादमाच्या शेजारी. स्वतःच बसले असते तर सगळ्यांनी विचारलं असतं, आकडा कोणी लावला. नाही बसले. गायला लागले. तिच्यासाठी? की स्वतःचे पाय सुटू नयेत म्हणून, पाठीतली शांतता ऐकू येऊ नये म्हणून? आणि मग काल संध्याकाळी तसेच परत आले, घोरले, सकाळी लोहाराला, म्हातारीला, भेटेल त्याला – माझ्या पाठीला डोळे फुटलेत – सांगत सुटले... की हे सगळं मी आत्ता रचतेय? त्यांना काहीच माहीत नसेल, आणि 'कशाला' म्हणजे नुसतं कशाला?

विचारता येणार नव्हतं. विचारणं म्हणजे त्यांच्या पाठीमागे हात नेणं.

काल संध्याकाळपासून तिला वाटत होतं की बाबांना कळलं तर आपण लाजेनं मरू. आता वाटत होतं की त्यांना कळलेलं असेल, पहिल्यापासून, आणि ते तरीही पाठ करून उभे आहेत, आणि यानं मरता येत नाही. हे घेऊन उभं राहावं लागतं. लाज कमी झाली नव्हती. उलट आता तिला तळ लागत नव्हता. फक्त कान तापलेले नव्हते.

बाबांचे हात दोरांवर होते. दोर कण्हत होता, पलीकडचा खडक ढगात सरकत होता, लोक थांबले होते. तिची बोटं आकड्यावर होती आणि तोंडात तो एक शब्द होता, रोजचा, आजवर किती वेळा म्हटला असेल त्याची गणती नाही असा. आणि तिला वाटत होतं, हा शब्द आपण अजून एकदाही म्हटलेला नाही.